वडगाव जिंकले, साष्टी गेली

पुण्याहून मुंबईकडे निघाले की तळेगाव मागे पडते आणि वडगाव मावळ लागते. या गावात महादजी शिंद्यांच्या विजयाचे स्मारक आहे आणि एका इंग्रज कप्तानाची समाधीही आहे. कप्तानाचे नाव जेम्स स्टुअर्ट. मराठी मुलखाने त्याला 'इष्टूर फाकडा' म्हटले आणि शत्रू असूनही त्याच्या मर्दुमकीची आठवण ठेवली. १७७९ च्या जानेवारीत कार्ल्याजवळ तोफेच्या गोळ्याने तो पडला आणि त्यानंतर दहाबारा दिवसांत त्याची सगळी फौज वडगावला मराठ्यांच्या वेढ्यात सापडून शरण आली.

वडगावला कोण जिंकले याबद्दल वाद नाही. वाद आहे तो वडगाव ज्या युद्धाचा एक भाग होते त्या युद्धाबद्दल. १७७५ मध्ये सुरू झालेले पहिले इंग्रज-मराठा युद्ध १७८२ मध्ये सालबाईच्या तहाने संपले. कोणी म्हणतो मराठे जिंकले, कोणी म्हणतो बंगालचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याने ईस्ट इंडिया कंपनीला बुडता बुडता वाचवले, आणि ज्यांना वाद नको असतो ते बरोबरी झाली म्हणून मोकळे होतात. मला हे बरोबरीचे उत्तर मुळीच पटत नाही. सात वर्षे माणसे मेली, गावे जळली, खजिने रिते झाले, ते कशासाठी, हे न विचारता दिलेले ते उत्तर आहे. युद्धाच्या सुरुवातीला कोणाला काय हवे होते आणि शेवटी कोणाच्या हाती काय राहिले, हे एकाशेजारी एक मांडले की या युद्धाचा निकाल बराच स्पष्ट दिसतो.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. चुलते रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, पेशवे झाले. रामशास्त्री प्रभुणे यांनी खुनाचा ठपका त्यांच्यावर ठेवला. नारायणरावांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. सखारामबापू बोकील, नाना फडणीस, त्रिंबकराव पेठे, हरिपंत फडके आदी कारभाऱ्यांनी तिला पुरंदरावर नेऊन ठेवले आणि तिच्या पोटच्या वारसाच्या नावाने कारभार हाती घेतला. हेच बारभाईंचे कारस्थान. त्याची पहिली मोठी किंमत त्रिंबकराव पेठ्यांनी दिली. १७७४ च्या मार्चमध्ये पंढरपूरजवळ कासेगावला राघोबांशी लढताना ते गेले. १८ एप्रिल १७७४ ला पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले आणि राघोबांच्या पायाखालची जमीन सरकली. पुण्यात जागा नाही, उत्तरेत शिंदे-होळकरांचा भरवसा नाही, म्हणून ते गुजरातेत उतरले आणि इंग्रजांच्या दारी गेले.

मुंबईकर इंग्रजांना राघोबा पेशवे व्हावेत याचे फारसे सोयरसुतक नव्हते. त्यांची नजर साष्टीवर होती. मुंबई तेव्हा समुद्रात अडकलेले लहानसे ठाणे होते. धान्य, लाकूड, जनावरे सगळे बाहेरून यायचे आणि समोरच्या खाडीपलीकडे मराठ्यांचा मुलूख होता. वांद्र्यापासून ठाण्यापर्यंत पसरलेले साष्टी बेट १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतले, पाठोपाठ १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली. तेव्हापासून मुंबईला आपल्या मानेवर हात असल्यासारखे वाटत होते. म्हणून राघोबांशी बोलणी चालू असतानाच, तहावर सही होण्याआधी, १७७४ च्या डिसेंबरअखेर इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. सुरतेचा तह त्यानंतर, १७७५ च्या मार्चमध्ये झाला. राघोबांनी साष्टी आणि वसई देण्याचे कबूल केले, बदल्यात इंग्रजांनी अडीच हजार माणसे द्यायची ठरली. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. मुंबईने आधी जागा घेतली आणि मग ती घेण्याचे कारण कागदावर आणले.

त्याच वर्षी मे महिन्यात गुजरातेत अडास येथे कर्नल कीटिंग आणि हरिपंत फडके यांची गाठ पडली. इंग्रजांनी मैदान राखले, पण त्यांचे नुकसान मोठे झाले. तेवढ्यात कलकत्त्याहून आदेश आला. १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टने मुंबई आणि मद्रासच्या परराष्ट्रकारभारावर बंगालच्या गव्हर्नर जनरलची देखरेख आली होती आणि त्याच्या मंडळाला मुंबईचा हा उद्योग मान्य नव्हता. कलकत्त्याचा वकील म्हणून कर्नल अप्टन पुरंदरला आला. १ मार्च १७७६ च्या तहात राघोबांचा पक्ष सोडण्याचे इंग्रजांनी मान्य केले, साष्टी मात्र ठेवून घेतली, वर बारा लाख रुपये खर्चापोटी मागितले. इथपर्यंत पाहिले तरी एक गोष्ट ध्यानात येते. तह बदलतात, कलमे बदलतात, राघोबा कधी आत येतात कधी बाहेर जातात, साष्टी मात्र दर वेळी इंग्रजांकडेच राहते.

पुरंदरचा तह दोन्ही बाजूंनी मनापासून पाळला नाही. मुंबईने राघोबांना आसरा दिला. नानांनी सेंट ल्युबिन नावाच्या फ्रेंच माणसाला पुण्यात मानाने ठेवून घेतले आणि मुंबईच्या मंडळींची झोप उडवली. १७७८ मध्ये पुण्यातच मोरोबा फडणिसांनी राघोबांना आणण्याचा घाट घातला. महादजींनी तो मोडून काढला, पण त्यातून मुंबईकर एवढे शिकले की पुण्यात आपल्या बाजूचे लोक आहेत. फौज घाटावर आली की दरवाजे आपोआप उघडतील. या समजुतीवर १७७८ च्या नोव्हेंबरात मोहीम निघाली.

सुमारे ३,९०० माणसे, त्यांच्या मागे सामान ओढणारे १९,००० च्या आसपास बैल. सेनापती कर्नल एगर्टन, पण निर्णय एका समितीचे, ज्यात तो स्वतः, जॉन कार्नाक आणि पुण्यात वकील राहिलेला मॉस्टिन होते. मॉस्टिन आजारी पडून मुंबईला परतला आणि १ जानेवारीला वारला. एगर्टनही आजारी झाला, फौज कर्नल कॉकबर्नकडे गेली. पनवेलहून बोरघाट चढून खंडाळ्याला यायला आणि तिथून पुढे सरकायला त्यांनी इतका वेळ लावला की मराठ्यांना हवे ते सर्व करता आले. समोरून झुंज कोणी देत नव्हते. दिवसभर बाण, तोफेचे गोळे, बाजूच्या टेकड्यांवरून घोडेस्वार. रात्री रसदेवर छापे. भिवराव पानशांचा तोफखाना आणि मावळातल्या वाटा जाणणारी माणसे आपले काम करत होती. ९ जानेवारीला इंग्रज तळेगावला पोचले तेव्हा गाव मोकळे होते आणि जळत होते.

तळेगाव आपल्याच माणसांनी जाळले, हे सांगताना आपण थांबत नाही. शत्रूला दाणागोटा मिळू नये म्हणून मुलूख उजाड करायचा, ही युक्ती होती आणि ती यशस्वी झाली. चिंचवड आणि खुद्द पुणेही गरज पडली तर पेटवायची तयारी होती. पण त्या जानेवारीत खळ्यातले धान्य, गवताच्या गंजी, घरे सोडून डोंगरात गेलेल्या मावळातल्या कुणब्यांसाठी ही मोहीम जिंकल्यावरही पुढचे वर्ष कसे गेले असेल, याचा एक ओळीचाही हिशेब वडगावच्या गौरवगाथेत येत नाही. तो यायला हवा.

तळेगावहून पुणे अठरा-वीस मैल. कार्नाक आणि कॉकबर्न यांनी तिथून माघार घ्यायचे ठरवले. ११ जानेवारीच्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलल्या, सामान जाळले आणि फौज परत फिरली. पण अंधारातून निघालेली फौज मराठ्यांनी लगेच गाठली. पिछाडीला कॅप्टन हार्टलीने नेटाने तोंड दिले म्हणून ती वडगावपर्यंत तरी पोचली. तिथे चारी बाजूंनी वेढा पडला. महादजी शिंदे, तुकोजी होळकर, हरिपंत फडके सगळे तिथे होते. बोलणी झाली ती मुख्यतः महादजींशी. करारात इंग्रजांनी साष्टीसह थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळानंतर मिळवलेला सगळा मुलूख परत करायचे, बंगालहून येणारी फौज थांबवायचे, राघोबांचा नाद सोडायचे आणि भडोचच्या वसुलाचा वाटा महादजींना द्यायचे कबूल केले. फार्मर आणि लेफ्टनंट स्टुअर्ट (हा इष्टूर फाकडा नव्हे, दुसरा) हे दोघे ओलीस राहिले. राघोबा महादजींच्या स्वाधीन झाले.

हिंदुस्थानात इंग्रजांच्या फौजेने इतक्या उघडपणे हत्यार खाली ठेवण्याचे प्रसंग फार थोडे आहेत. त्याचा अभिमान वाटावा हे योग्यच आहे. पण कागदावर मिळालेली साष्टी हातात आलीच नाही. कार्नाकने करार करतानाच सांगून ठेवले होते की समितीला असा तह करण्याचा अधिकार नाही. घाट उतरून खाली येताच त्याने बंगालच्या फौजेला थांबवण्याचा हुकूम मागे घेतला. मुंबईचा गव्हर्नर हॉर्नबी याने करार झिडकारला, हेस्टिंग्जने झिडकारला. कंपनीच्या संचालकांनी कार्नाक, एगर्टन आणि कॉकबर्न यांना नोकरीतून काढले. हार्टलीला मात्र बढती मिळाली. महादजींच्या माणसांच्या पहाऱ्यात झाशीकडे नेले जात असताना राघोबा नर्मदेजवळ निसटले आणि थेट सुरतेला जनरल गॉडार्डच्या छावणीत जाऊन बसले. गॉडार्ड म्हणजे ज्या बंगालच्या फौजेला वडगावच्या कराराने थांबवायचे होते तिचाच सेनापती. बुऱ्हाणपूरहून सुरतेपर्यंतचा पल्ला त्याने वीस दिवसांत कापला होता.

इथे मराठ्यांची एक चूक झाली असे मला वाटते. वेढ्यात सापडलेली फौज सोडून देताना हातात तारण म्हणून दोन माणसे ठेवली, ठाण्याचा किल्ला प्रत्यक्ष ताब्यात येईपर्यंत ती फौज अडकवून ठेवली नाही. ते शक्य होते. महादजींना इंग्रजांशी कायमचे वैर नको होते. त्यांचे लक्ष उत्तरेकडे, दिल्लीकडे होते. नानांना आधी राघोबा हवे होते आणि पुण्यातला आपला कारभार निर्वेध करायचा होता. वडगावनंतर लवकरच सखारामबापूही कैदेत गेले. साष्टी ही कोणाचीच पहिली निकड नव्हती.

युद्ध यानंतर पसरले. १७८० च्या फेब्रुवारीत गॉडार्डने फत्तेसिंग गायकवाडांशी हातमिळवणी करून अहमदाबाद घेतले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये उत्तरेत पॉपहॅमच्या शिपायांनी शिड्या लावून रातोरात ग्वाल्हेरचा किल्ला सर केला. डिसेंबरात वसई पडली. ती वाचवायला निघालेले रामचंद्र गणेश वज्रेश्वरीच्या बाजूला दुगाडला धुक्याचा फायदा घेऊन हार्टलीवर चालून गेले आणि लढताना पडले. चिमाजीअप्पांनी एवढ्या कष्टाने मिळवलेली वसई एकेचाळीस वर्षांनी गेली होती. त्या हिवाळ्यात कोणी विचारले असते की युद्ध कोण जिंकत आहे, तर उत्तर 'इंग्रज' असेच आले असते.

मग १७८१ चा वसंत आला. गॉडार्डने फेब्रुवारीत बोरघाट घेतला आणि खोपोलीला तळ दिला. पुण्याला धास्ती घातली की नाना तह करतील, असा त्याचा होरा. नानांनी आपला दोस्त, म्हैसूरचा हैदरअली, याला वगळून तह करायचे साफ नाकारले. हरिपंत फडके आणि तुकोजी होळकर घाटावर दाटून राहिले, परशुरामभाऊ पटवर्धन खाली कोकणात उतरले आणि पनवेलहून घाटाकडे जाणाऱ्या प्रत्येक तांड्यावर तुटून पडू लागले. चौकच्या आसपास झालेल्या झुंजींत रसद आणायला गेलेल्या इंग्रज पलटणी जेरीस आल्या. एप्रिलमध्ये गॉडार्ड पनवेलला परतला. माघारीच्या त्या काही दिवसांत त्याची चारशेहून अधिक माणसे मेली किंवा जायबंदी झाली. माझ्या दृष्टीने या युद्धाची खरी निर्णायक लढाई हीच. वडगावला एका भित्र्या समितीचा पराभव झाला. बोरघाटाखाली कंपनीच्या उत्तम सेनापतीला, जिंकत आलेल्या फौजेनिशी, पुण्याचा रस्ता सोडावा लागला. या लढाईचे स्मारक नाही. खोपोलीवरून जाणाऱ्या हजारो गाड्यांतल्या फार थोड्या लोकांना तिचे नाव ठाऊक असेल.

त्याच सुमारास महादजींना मात्र माळव्यात धक्का बसला. मार्चमध्ये इंग्रज सेनानी कॅमॅकने सिरोंजच्या बाजूला रात्री त्यांच्या छावणीवर छापा घालून तोफा पळवल्या. आपल्याच मुलखात इंग्रज शिरले, ग्वाल्हेर आधीच गेलेले, म्हणून महादजींना तह हवा झाला. हेस्टिंग्जला तर तो त्याहून अधिक हवा होता. नानांनी हैदर, निजाम आणि नागपूरकर भोसले यांना एकत्र जोडले होते. निजामाला इंग्रजांनी गुंटूर परत देऊन गप्प केले, भोसल्यांना पैसे देऊन. हैदर मात्र कोणत्याच मोलाने थांबणारा नव्हता. १७८० च्या सप्टेंबरात पोल्लिलूरला त्याने बेलीची इंग्रज फौज कापून काढली होती आणि मद्रास हादरले होते. बंगालचा खजिना आटला होता. बनारसच्या चेतसिंगाकडून पैसा उकळण्याच्या हट्टातून १७८१ च्या ऑगस्टमध्ये बंड झाले आणि हेस्टिंग्जला स्वतःला जीव वाचवून पळावे लागले. पुढच्याच ऑक्टोबरात कर्नल म्यूरने महादजींशी वेगळा समझोता केला आणि डेव्हिड अँडरसन कंपनीचा वकील म्हणून त्यांच्या छावणीत आला.

१७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरच्या दक्षिणेला सालबाई येथे तह झाला. कलमे सतरा. पुरंदरच्या तहानंतर इंग्रजांनी घेतलेले सगळे, वसई आणि अहमदाबादसह, परत. राघोबांना इंग्रजांचा आसरा नाही. त्यांनी आपली जागा निवडून महिना पंचवीस हजारांच्या नेमणुकीवर राहायचे. पोर्तुगीज वगळता इतर युरोपीयांना पेशव्यांनी आपल्या मुलखात नव्या वखारी घालू द्यायच्या नाहीत. हैदरने घेतलेला कर्नाटकातला मुलूख परत करायला त्याला पेशव्यांनी लावायचे. भडोच महादजींना. आणि साष्टी, आसपासच्या तीन लहान बेटांसह, इंग्रजांकडे. दोन्ही पक्ष तह पाळतील याला जामीन महादजी शिंदे.

नानांना हा तह मनातून रुचला नाही. हैदरला दिलेला शब्द मोडत होता, आणि हैदर लढत आहे तोवर इंग्रज आणखी वाकतील असा त्यांचा अंदाज होता. त्यांनी शिक्कामोर्तब लांबवले. ७ डिसेंबर १७८२ ला हैदर वारला आणि त्याच महिन्यात नानांनी तह मान्य केला. मला या विलंबात नानांची सगळी राजनीती दिसते. लढून जिंकण्याइतकीच ताकद वाट पाहण्यात असते हे ते जाणत होते. पण बाजी उलटली तेव्हा हट्ट धरला नाही.

आता हिशेब. हे युद्ध पेशव्यांच्या मसनदीवर कोण बसेल आणि ते कोण ठरवेल या प्रश्नावर पेटले. ते पुण्याने ठरवले. आठ वर्षांचे सवाई माधवराव पेशवे राहिले; राघोबा कोपरगावला जाऊन राहिले आणि १७८३ च्या डिसेंबरात वारले. फौजा, तह, गव्हर्नर जनरल एवढे सगळे पणाला लावूनही कंपनीला पुण्यात आपला माणूस बसवता आला नाही. पुढची वीस वर्षे तिने मराठ्यांशी पुन्हा युद्ध केले नाही. बारभाई हे युद्ध जिंकले, आणि निःसंशय जिंकले. १८१७ मध्ये शनिवारवाड्यावर युनियन जॅक चढला म्हणून १७८२ चा निकाल उलटा वाचणारे लोक मला अन्यायी वाटतात. सालबाईच्या वेळी पुढचे काही ठरलेले नव्हते. राघोबांचा मुलगा बाजीराव तेव्हा सात वर्षांचा होता. मोठेपणी तो वसईला जाऊन इंग्रजांच्या तहावर सही करेल हे कोणालाच दिसत नव्हते, आणि ते घडायला मधल्या काळात सवाई माधवरावांचा अकाली मृत्यू, महादजींचा आणि नानांचा अंत, शिंदे-होळकरांची आपसातली लढाई, एवढे सगळे व्हावे लागले.

मुंबईकर इंग्रज मात्र हरूनही आपली मूळ वस्तू घेऊन गेले. राघोबा गेले, वसई गेली, वडगावची नामुष्की पदरी पडली, आणि साष्टी राहिली. तहाच्या कलमांत ती एका ओळीची बाब होती. वांद्रे, अंधेरी, बोरिवली, कुर्ला, घाटकोपर, मुलुंड, ठाणे, सगळी त्या ओळीत मावली. त्या बेटाशिवाय मुंबई वाढलीच नसती. समुद्राने तिला सगळीकडून बांधले होते. १८५३ मध्ये बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्याला जाऊन थांबली, ती साष्टीवरूनच धावली. त्या काळच्या कारभाऱ्यांनी हे ओळखायला हवे होते असे म्हणणे अतिरेक होईल. पण समुद्राकाठच्या मुलखाचे मोल आपल्या राज्यकर्त्यांना चिमाजीअप्पांच्या पिढीइतके पुढे राहिले नाही, हे मात्र १७७६, १७७९ आणि १७८२ असे तीनदा सिद्ध झाले.

सर्वांत जास्त मिळवले महादजींनी. ग्वाल्हेर १७८३ मध्ये गोहदच्या राण्याकडून त्यांनी परत घेतले आणि १७८४ च्या अखेरीस दिल्लीच्या बादशहाचे वकील-इ-मुतलक, म्हणजे सर्वाधिकारी प्रतिनिधी, झाले. तहाचा जामीन होऊन ते पेशव्यांचे सरदारही राहिले आणि पेशवे व इंग्रज यांच्यामधला माणूसही झाले. नानांच्या विजयातला सगळ्यांत अवघड भाग हाच होता. पुण्याच्या दरबारात आपला रेसिडेंट असावा अशी इच्छा कंपनीला झाली, तेव्हा तिने चार्ल्स मॅलेटला थेट पुण्याला धाडले नाही. १७८५ मध्ये तो आधी उत्तर हिंदुस्थानात महादजींच्या छावणीत गेला, त्यांची संमती मिळवली आणि मगच १७८६ मध्ये पुण्यात येऊन संगमावर राहू लागला. नानांनाही तो पुण्यात हवाच होता, कारण मॅलेट पुण्यात असला तर इंग्रजांशी बोलायला त्यांना दर वेळी महादजींच्या तोंडाकडे पाहावे लागणार नव्हते.